तिजोरीत सात कोटी शिल्लक, आणि गोखले म्हणतात अभिनंदन नाही करणार

समजा एक सोसायटी आहे, चाळीस फ्लॅटची. लिफ्ट मोडली म्हणून कमिटीने मेंटेनन्स महिन्याला पाचशेने वाढवला, कोणी फार कुरकुर केली नाही कारण लिफ्ट तर हवीच. वर्षभरात लिफ्ट बसली, पैसे फिटले, पण वाढवलेले पाचशे काही कमी झाले नाहीत. तीन-चार वर्षांनी एजीएममध्ये सेक्रेटरी उभा राहतो आणि छाती फुगवून सांगतो की बघा, खात्यात इतके लाख शिल्लक आहेत, एवढी शिल्लक आजवर कधीच नव्हती. टाळ्या पडतात. आणि मागच्या रांगेतून एक जण उठून म्हणतो, साहेब, ही शिल्लक आमच्याच खिशातून आलीय, लिफ्टचं काम संपलं तरी तुम्ही वसुली थांबवली नाहीत, मग टाळ्या नेमक्या कशाच्या?

हा मागच्या रांगेतला माणूस डोक्यात ठेवा, कारण २६ मार्च १९०२ ला कलकत्त्यात व्हाइसरॉय लॉर्ड कर्झनसमोर अगदी हेच झालं होतं आणि उठलेला माणूस होता गोपाळ कृष्ण गोखले, वय ३५, रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकला जन्म, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात प्रोफेसर, शाळेच्या पोरांसाठी अंकगणिताचं पुस्तक लिहिलेला माणूस. शाळेत आपल्याला गोखले म्हणजे एवढंच शिकवतात की मवाळ होते, गांधीजी त्यांना गुरू मानायचे, टिळकांशी पटलं नाही, भारत सेवक समाज काढला, संपलं. त्यांनी बजेटवर केलेली भाषणं मात्र कोणी सांगत नाही, कारण त्यात आकडे आहेत आणि आकडे म्हटलं की आपली मान दुसरीकडे वळते. पण टॅक्स का लावतात, कोणाकडून काढतात आणि शिल्लक उरली म्हणजे खरंच चांगलं झालं का, हे समजून घ्यायचं असेल तर त्या भाषणापेक्षा चांगला धडा मला तरी माहीत नाही. म्हणून ते जरा आपल्या भाषेत उलगडून बघू.

आधी ते सभागृह कसलं होतं ते बघा. आजच्या लोकसभेसारखं वगैरे काही नाही. व्हाइसरॉयचं कायदे कौन्सिल, अध्यक्ष खुद्द व्हाइसरॉय, मोजून वीस-पंचवीस माणसं आणि त्यात बहुसंख्य सरकारी अधिकारी. १८९२ च्या कायद्याने एवढीच सवलत दिली होती की मुंबई, मद्रास, बंगाल अशा प्रांतिक कौन्सिलांचे बिनसरकारी सभासद आपल्यातला एकेक जण सुचवतील आणि सरकार त्याला नेमेल. मुंबईची ही जागा आधी फिरोजशहा मेहतांकडे होती, त्यांनी ती सोडल्यावर गोखले आले. आता गंमत अशी की वर्षातून एकदा बजेटवर बोलायला मिळायचं पण मतदान नाही. दुरुस्ती सुचवता येत नाही, एखादी रक्कम कमी करा असा ठरावसुद्धा मांडता येत नाही. बजेट आधीच पक्कं झालेलं असायचं, हे लोक फक्त त्यावर मत सांगणार, अध्यक्ष ऐकून घेणार, अर्थखात्याचा सभासद दोन शब्द उत्तर देणार आणि सगळे घरी. म्हणजे हातात काय, तर फक्त तोंड आणि आकडे.

त्या वर्षीचे अर्थसदस्य होते सर एडवर्ड लॉ. त्यांनी सांगितलं की चालू वर्षात सुधारलेल्या अंदाजाप्रमाणे सुमारे सात कोटी रुपये शिल्लक आहेत. १९०२ चे सात कोटी, लक्षात घ्या. आणि हे शिलकीचं सलग चौथं वर्ष होतं. साहजिकच सभागृहात अभिनंदनाची भाषणं झाली. गोखले उठले आणि पहिल्याच वाक्यात म्हणाले की इतरांनी केलं ते अभिनंदन माझ्याच्याने प्रामाणिकपणे होणार नाही. पुढचा मुद्दा असा की एवढी शिल्लक हिंदुस्थानच्या इतिहासात आधी कधी झालीच नव्हती, आणि ती झाली कधी, तर दुष्काळावर दुष्काळ पडत असताना. आता ही वर्षं कसली होती बघा, १८९६-९७ चा दुष्काळ, मग लगेच १८९९-१९०० चा, ज्याला लोक छप्पन्या म्हणतात कारण तो विक्रम संवत १९५६ मध्ये पडला, मध्ये प्लेग, जो १८९६ ला मुंबईत आला आणि पुढे पुण्यात. १९०१ ची शिरगणती झाली तेव्हा मुंबई इलाख्याची लोकसंख्या दहा वर्षांत वाढायच्या ऐवजी घटलेली निघाली. गावंच्या गावं रिकामी होतायत आणि तिजोरी भरतेय, याची सांगड कशी घालायची? सरकारचं उत्तर सोपं होतं, महसूल वाढतोय म्हणजे लोक सुखी होतायत. गोखल्यांचं म्हणणं बरोबर उलटं होतं, लोकांची स्थिती आणि तिजोरीची स्थिती यांचा एकमेकांशी काही संबंधच उरलेला नाही.

मग पैसे आले कुठून? इथे जरा डोकं लावावं लागतं पण अवघड नाही. आपल्याकडे एक जुना शब्द आहे, हुंडणावळ, म्हणजे एका देशाचं नाणं दुसऱ्या देशाच्या नाण्यात बदलायचा भाव. हिंदुस्थान सरकारला दरवर्षी विलायतेला पौंडात पैसे पाठवावे लागायचे, कर्जाचं व्याज, रेल्वेच्या हमीचे पैसे, गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शनं, लंडनच्या इंडिया ऑफिसचा खर्च, या सगळ्याला होम चार्जेस म्हणायचे. हे पौंड विकत घ्यायला लागणारे रुपये मात्र इथल्या करातून यायचे. आपला रुपया चांदीचा आणि पौंड सोन्याचा, आणि जगभर चांदी पडत चालली होती, त्यामुळे रुपया घसरत घसरत १८९४-९५ मध्ये साधारण १३ पेन्सवर आला. पौंडाचे पेन्स २४०, म्हणजे एका पौंडाला १८ रुपयांच्या वर मोजावे लागायचे. सरकार म्हणालं आम्ही बुडालो, टॅक्स वाढवावा लागेल, त्यात १८८५ ला रशिया अफगाण सरहद्दीवर आला म्हणून सैन्य वाढवलं होतं त्याचाही खर्च होताच. म्हणून १८८६ ला इन्कम टॅक्स आला, १८८८ ला मिठावरचा कर मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये केला, १८९४ ला आयात मालावर जकात परत आली आणि विलायतेतल्या मँचेस्टरच्या कापड गिरणीवाल्यांनी आरडाओरडा केला म्हणून १८९६ ला इथल्या गिरण्यांच्या कापडावरसुद्धा साडेतीन टक्के अबकारी बसवली. (इथे पिकलेल्या कापसाचं, इथल्याच गिरणीत विणलेलं, इथेच विकायचं कापड, त्यावर कर कशाला, तर लँकेशायरचा, म्हणजे त्याच मँचेस्टरच्या भागातला, माल महाग पडू नये म्हणून. हा प्रकार आपल्या गिरणगावाच्या इतिहासात जरा मोठ्या अक्षरात लिहायला हवा होता असं माझं मत.)

ही झाली आपली मोडलेली लिफ्ट. आता पुढे काय झालं ते बघा. २६ जून १८९३ ला सरकारने टांकसाळी लोकांसाठी बंद केल्या, म्हणजे आता कोणीही चांदी नेऊन रुपये पाडून घेऊ शकणार नाही, सरकार पाडेल तेवढेच रुपये. बाजारात रुपये मोजके झाले की त्यांचा भाव चढणारच. तो चढला, आणि १८९८-९९ पर्यंत रुपया १६ पेन्सला जाऊन टेकला, म्हणजे पौंडाला सरळ १५ रुपये. हिशोबाला सोपं पडावं म्हणून विलायतेला वर्षाला दीड कोटी पौंड पाठवायचे धरा. तेरा पेन्सच्या भावाने त्याला साडेसत्तावीस कोटी रुपये लागायचे, सोळाच्या भावाने साडेबावीस. बसल्या जागी पाच कोटी वाचले! सरकारने काटकसर केली नाही, कोणाची बदली केली नाही, सैन्य कमी केलं नाही, फक्त नाण्याचा भाव बदलला. मग ज्या कारणाने कर वाढवले ते कारणच गेलं ना? लिफ्ट झाली ना? तर कर कमी व्हायला हवे होते. ते एका पैने कमी झाले नाहीत आणि म्हणून शिल्लक पडायला लागली, दुष्काळातही पडली, १८९९-१९०० च्या त्या भयंकर वर्षातसुद्धा पडली. गोखल्यांनी हे एकेक वर्ष घेऊन सभागृहात मांडलं. क्रूड स्वस्त झालं तरी पंपावरचा आकडा का हलत नाही यावर आपण आज चहा पिता पिता जी चर्चा करतो ना, तीच चर्चा, फक्त चौपट तयारीने.

पण त्यांनी इथे थांबून फक्त पाच कोटी परत द्या असं म्हटलं असतं तर ते नुसते चांगले अकाउंटंट ठरले असते. त्यांनी पुढचं पाऊल टाकलं ते मला जास्त आवडतं. महाग झालेला रुपया सरकारला फायद्याचा, पण शेतकऱ्याला? वऱ्हाडातला किंवा खानदेशातला कापूसवाला धरा. त्याचा कापूस शेवटी विकला जातो लिव्हरपूलला पौंडात. पूर्वी एका पौंडाच्या कापसाचे त्याच्यापर्यंत येणाऱ्या साखळीत १८ रुपये व्हायचे, आता १५. आणि शेतसारा? तो तर तीस-तीस वर्षांसाठी रुपयात ठरलेला, त्यात एक आणाही कमी नाही. म्हणजे तेवढाच सारा भरायला आता जास्त कापूस विकावा लागणार. कागदावर सारा वाढलेला दिसत नाही, कोणी वाढवलाय असंही म्हणता येत नाही, पण वाढलाय. असा न दिसणारा टॅक्स पकडायला नजर लागते.

त्याहून वाईट म्हणजे चांदीचं. तेव्हा गावात बँक नव्हती, बायकोच्या हातातले गोट, पायातले तोडे, कमरेचा पट्टा हीच एफडी. रुपया वजनाने बरोबर एक तोळा आणि टांकसाळ उघडी होती तोवर तोळाभर चांदी म्हणजे जवळजवळ रुपयाच, अडीअडचणीला मोडली की भाव पक्का. टांकसाळ बंद झाली आणि नाण्यातली चांदी आणि दागिन्यातली चांदी यांची फारकत झाली, रुपया राहिला सोळा आण्यांचा आणि तेवढ्याच वजनाची चांदी बाजारात नऊ-दहा आण्यांवर आली. आता दुष्काळात सोनाराकडे तोडे घेऊन जाणाऱ्या बाईला हुंडणावळ, टांकसाळ, विलायत यातलं काही माहीत नाही. तिला एवढंच कळतं की सासूने सांगितलेला भाव आता मिळत नाहीये. पिढ्यानपिढ्या साठवलेल्या बचतीचा एवढा मोठा हिस्सा एका सरकारी निर्णयाने वितळला आणि त्यासाठी कुठेही टॅक्स हा शब्द वापरला गेला नाही. गोखल्यांनी हे बजेटच्या चर्चेत आणलं, जिथे सगळे फक्त जमाखर्चाच्या दोन बाजू बघत होते.

आता मिठावर येऊ, कारण त्यांचा सगळ्यात ठाम आग्रह मिठाचा होता. मणाला अडीच रुपये म्हणजे चाळीस आणे, आणि मणाचे शेर चाळीस, म्हणजे शेरामागे बरोबर एक आणा नुसता टॅक्स. मीठ तयार करायला मणाला काही आणेच लागायचे, बाकी सगळी किंमत ही कराची. माणशी वर्षाला दहा पौंड (हा वजनाचा पौंड, साधारण अर्धा शेर) मीठ धरलं, तर पाच माणसांच्या घराला साधारण चोवीस शेर म्हणजे दीड रुपया टॅक्स. शेतमजुराला दिवसाला दोन-अडीच आणे मिळत असतील तर त्याची दहा-बारा दिवसांची मजुरी मिठाच्या करात गेली. शंभर रुपये महिना पगाराच्या कारकुनाच्या घरातही मीठ साधारण तेवढंच लागणार, त्याचाही टॅक्स दीड रुपया, म्हणजे त्याचा अर्ध्या दिवसाचा पगार. आज आपण इनडायरेक्ट टॅक्स गरिबाला जास्त बोचतो असं म्हणतो ते हेच. आणि मीठ ही साडी किंवा विडी नव्हे की परवडत नाही तर यंदा नको. गोखल्यांचा मुद्दा असा की लोक मीठसुद्धा कमी खायला लागलेत, डॉक्टर लोक माणशी वीस पौंड हवं म्हणतात आणि इथे दहाही जात नाही, आणि माणूस मीठ कमी करतो याचा अर्थ त्याच्याकडे कमी करायला दुसरं काही उरलेलंच नाही. महसूल वाढला म्हणजे जनता सुखी या सरकारी दाव्याला याहून चांगलं उत्तर काय असणार, सरकारच्याच मिठाच्या खात्याचे आकडे सरकारच्याच तोंडावर.

इन्कम टॅक्सबद्दल पण त्यांनी मागणी केली ती आज वाचली तर ओळखीची वाटेल. तेव्हा वर्षाला ५०० रुपयांच्या वर कमावलं की टॅक्स लागायचा, म्हणजे महिन्याला बेचाळीस रुपये मिळवणारा छोटा कारकून, छोटा दुकानदारही त्यात अडकायचा. गोखले म्हणाले ही मर्यादा हजार करा. दर फेब्रुवारीत आपण टीव्हीसमोर बसून स्लॅब बदलला का बघतो त्याचे हे खापरपणजोबा. कापडावरची अबकारी काढा आणि शेतसारा हलका करा या मागण्याही होत्या, त्या मात्र हवेतच राहिल्या. अबकारी उठायला तर १९२५-२६ उजाडलं.

एवढं सगळं एका माणसाने एकट्याने काढलं का? नाही. मागे एक मास्तर होते, रावबहादूर गणेश व्यंकटेश जोशी, सरकारी शाळेत हेडमास्तरकी केलेले, आणि सरकारी अहवालांमधले आकडे चाळून त्यातून सरकारलाच अडचणीत आणणारा मजकूर काढायचा त्यांना नादच होता. न्यायमूर्ती रानड्यांच्या वर्तुळातले. रानडे गेले जानेवारी १९०१ मध्ये, म्हणजे गोखल्यांच्या या पहिल्या बजेट भाषणाच्या वर्षभर आधी, त्यामुळे तयारीला उरले जोशी मास्तर. त्यांची टिपणं, त्यांचे तक्ते आणि गोखल्यांची मांडणी असं ते रसायन होतं. सभागृहात नाव झालं गोखल्यांचं आणि तक्ते काढणारा मास्तर पडद्यामागे राहिला, हे नेहमीचंच, पण निदान आपण तरी नाव घेऊ.

अजून एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे भाषण नीट कळत नाही. पाच वर्षं आधी, १८९७ ला, गोखले विलायतेला गेले होते, हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनसमोर साक्ष द्यायला. साक्ष उत्तम झाली. पण त्याच सुमारास पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तात सोल्जरांनी अत्याचार केल्याची पत्रं त्यांना मित्रांकडून आली, त्यांनी ते तिथल्या पेपरात सांगितलं, परत आल्यावर सरकारने पुरावा मागितला आणि कोणीच पुढे येईना. मित्रांची नावं सांगायची नाहीत म्हणून त्यांनी जाहीर माफी मागितली. पुण्यात छीथू झाली, वर्षानुवर्षं त्यांना ते ऐकावं लागलं. माझा आपला अंदाज, की ऐकीव गोष्टीवर एकदा असा हात पोळल्यावर माणूस पुढे छापील सरकारी आकड्याशिवाय तोंडच उघडत नसेल. १९०२ च्या भाषणात जवळजवळ प्रत्येक वाक्याला सरकारी कागदाचा टेकू आहे, त्यामुळे लॉ साहेबांना मुद्दा पटला नाही असं म्हणता आलं, खोटा आहे असं म्हणता आलं नाही.

बरं, उपयोग काय झाला? मतदान तर नव्हतंच. पण पुढच्या वर्षी, १९०३ च्या बजेटमध्ये मिठाचा कर मणाला अडीचवरून दोन रुपये झाला आणि इन्कम टॅक्सची मर्यादा ५०० वरून १,००० झाली. १९०५ ला मीठ दीड रुपया, १९०७ ला एक रुपया. पाच वर्षांत अडीचाचा एक. कर उतरला तसा मिठाचा खप वाढला, आणि गोखले दर मार्चमध्ये उभे राहून तो वाढलेला आकडा परत वाचून दाखवायचे, बघा, मी म्हणत होतो. सगळं श्रेय त्यांनाच द्यायचं का, तर तसंही नाही. जानेवारी १९०३ ला कर्झनचा दिल्ली दरबार होता, नव्या बादशहाच्या नावाने लोकांना काहीतरी सूट द्यावी असं खुद्द कर्झनलाच वाटत होतं आणि विलायतेहून दरबारात तशी घोषणा करायला नकार आल्यावर ती मार्चच्या बजेटमधून आली. पण सूट द्यायची तर कशात, याची यादी वर्षभर आधी कोणी टेबलावर ठेवली होती ते कौन्सिलच्या कामकाजात छापलेलंच आहे.

पुढे दरवर्षी त्यांची बजेट भाषणं चालू राहिली. लष्कराचा खर्च कमी करा, वरच्या जागांवर इथली माणसं घ्या, शिल्लक उरतेच आहे तर ती रेल्वेत आणि कर्ज फेडण्यात घालण्यापेक्षा नगरपालिका आणि लोकल बोर्डांना द्या, गावात पाणी नाही, शहरात गटारं नाहीत, लोक एकेका खोलीत कोंडून राहतात आणि प्लेग दरवर्षी परत येतो. हे ते नुसतं पुस्तकातून बोलत नव्हते, पुणे नगरपालिकेचे अध्यक्ष म्हणून काम केलं होतं, त्यामुळे नगरपालिकेकडे काम ढीगभर आणि पैसे चिमूटभर असतात हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आजचे नगरसेवक पण हेच रडगाणं गातात आणि बऱ्याचदा ते खरंही असतं.

१९०९ च्या कायद्यानंतर कौन्सिलात ठराव मांडायची, बजेटच्या काही बाबींवर मत घ्यायची परवानगी मिळाली, पण व्हाइसरॉयच्या कौन्सिलात सरकारी बहुमत तसंच ठेवलं. गोखल्यांनी १९११ ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं करायचं बिल आणलं, तेही किती सावध, की जिथे आधीच ठरावीक प्रमाणात मुलं शाळेत जातात तिथेच आणि तिथल्या स्थानिक संस्थेची इच्छा असेल तरच, गरज पडली तर तिने शिक्षणासाठी कर लावावा, बाकीचा मोठा भार सरकारने उचलावा. मार्च १९१२ ला मतदान झालं, बाजूने १३, विरुद्ध ३८. त्याच काळात बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी आपल्या राज्यात सक्तीचं शिक्षण लागू करून टाकलं होतं, म्हणजे करता येत नव्हतं अशातला भाग नव्हता.

आता आजच्या खासदाराकडे काय काय आहे ते पण बघून घ्या म्हणजे फरक कळेल. राज्यघटनेचं कलम २६५ सांगतं की कायद्याच्या आधाराशिवाय एक पैसाही कर घेता येत नाही, म्हणजे लोकसभेच्या मंजुरीशिवाय नवा टॅक्स नाही. प्रत्येक खात्याचा खर्च वेगळी मागणी म्हणून मतदानाला येतो. कपात सूचना नावाचं हत्यार आहे, एखाद्या खात्याचं धोरणच मान्य नसेल तर त्याची मागणी एक रुपया करा अशी सूचना खासदार देऊ शकतो, एखादी विशिष्ट तक्रार मांडायची असेल तर शंभर रुपये कमी करा म्हणतो, रक्कम नावापुरती असते, चर्चा घडवायची असते. शिवाय प्रश्नोत्तरं आहेत, समित्या आहेत, लेखी उत्तरात सरकारला आकडे द्यावेच लागतात. गोखल्यांना यातलं एक जरी मिळालं असतं तर त्यांनी काय केलं असतं कोण जाणे. आणि आपण काय करतो, तर वेळ संपला की उरलेल्या सगळ्या मागण्या चर्चेशिवाय एकदम मंजूर, त्याला गिलोटिन म्हणतात, आणि मार्च २०१८ मध्ये तर गोंधळातच लोकसभेत सगळ्याच मागण्या आणि फायनान्स बिल चर्चेविना पास झालं. लाखो कोटी रुपये, काही मिनिटांत.

गोखले गेले १९ फेब्रुवारी १९१५ ला, पन्नाशीही गाठली नव्हती. मीठ तेव्हा एक रुपयावरच होतं. वर्षभरातच, १९१६ ला, युद्धाचा खर्च म्हणून ते सव्वा झालं. १९२३ ला सरकारने परत अडीच रुपये करायचं ठरवलं, तोवर दिल्लीत निवडून आलेली असेंब्ली होती, तिने चक्क नाही म्हटलं, आणि व्हाइसरॉयने आपल्या खास अधिकारात तो कर तसाच लागू केला. पुढच्या वर्षी गुपचूप सव्वावर आणला. १९३० ची दांडी सगळ्यांना माहीत आहे. मिठावरचा तो कर शेवटी उठला एप्रिल १९४७ मध्ये. आता वाण्याकडे मिठाची पुडी घेतलीत की बिलावर बघा, जीएसटीच्या रकान्यात शून्य आहे.